पायाच्या अंगठ्याचें नख : घरचा उपाय कोठवर?

बैलाची पत्री निसटली किंवा खूर वाढला, तर आमच्या भागांतील शेतकरी दुसऱ्याच दिवशीं नालबंदाचें घर गांठतो. लंगडत्या बैलास औतास जुंपणें तो पाप समजतो, आणि तें योग्यच आहे. परंतु त्याच शेतकऱ्याच्या स्वतःच्या अंगठ्याचें नख मांसांत रुतून पू वाहूं लागला, तरी तो बोटास चिंधी गुंडाळून दोन दोन महिने उसास पाणी पाजीत फिरतो. आणि कोणीं विचारलेंच तर 'कांहीं नाहीं, नख लागलें आहे' एवढें बोलून विषय संपवितो. आपल्या पायाची किंमत बैलाच्या पायाहून कमी धरण्याची ही रीत आम्हांस मान्य नाहीं, आणि तिजविषयीं चार शब्द लिहिण्याची परवानगी आम्हीं संपादकांपाशीं मागून घेतली आहे.

आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. उभा जन्म महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेला, व आतां निवृत्त होऊन घरची दोन एकर जमीन पाहतों. तथापि या एका विषयांत आमचा अनुभव अंगावर घेतलेला आहे, आणि तो फुकट जाऊं नये इतकाच लिहिण्याचा हेतु.

सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत पंचगंगा, वारणा व कृष्णा या नद्यांस महापूर येऊन कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील शेंकडों गांवें पाण्यांत गेलीं, हें वाचकांस सांगावयास नको. पाणी ओसरल्यावर पिकांचे व पडक्या घरांचे पंचनामे करण्याचें काम आमच्या खात्यावर आलें. आम्हांस त्या कामीं गुडघ्याएवढे रबरी बूट मिळाले, ते एका मापानें लहान होते. कुजलेल्या उसाच्या फडांतून आम्ही तीन आठवडे त्याच बुटांनिशीं हिंडलों. आंत पाणी, घाम व चिखल यांचा काढा होई, आणि संध्याकाळीं बूट काढल्यावर बोटें पांढरीं व सुरकुतलेलीं दिसत. तिसऱ्या आठवड्यांत उजव्या अंगठ्याच्या आंतल्या कडेस ठणका सुरू झाला.

यापुढें आम्हीं जें केलें तें बहुतेक सर्वच लोक करितात. दाढीचें पातें घेऊन नखाचा कोपरा जितका खोल कापतां येईल तितका कापून काढला. दोन दिवस असा आराम पडला कीं आमच्या हुशारीचें आम्हांसच कौतुक वाटलें. पंधरा दिवसांनीं दुखणें दुप्पट होऊन परत आलें. पुन्हा पातें, पुन्हा आराम, पुन्हा ठणका. तिसऱ्या फेरीस कडेला लाल, ओलें, जरा धक्का लागतांच रक्त येणारें मांस वाढलें. एका स्नेह्यानें द्राक्षबागेच्या फवाऱ्याकरितां आणलेल्या मोरचुदाचा खडा दिला व 'मांस जाळून टाका' म्हणून सांगितलें. मांस जळलें तें जळलेंच, परंतु शेजारची चांगली कातडीही जळली, आणि ती दिवाळी आम्हीं एक पाय उशीवर ठेवून साजरी केली.

हें कां घडतें तें नंतर एका शल्यवैद्यानें आम्हांस कागदावर चित्र काढून समजाविलें. नख हें मुळांतून, म्हणजे कातडीखालीं दडलेल्या बीजस्थानांतून पुढें सरकत येतें. बाहेर दिसणारा भाग निर्जीव असतो. उसाच्या पाचटास जितका जीव तितकाच त्यास. अंगठ्याचें नख महिन्याला सुमारें दीड मिलिमीटर पुढें येतें, व मुळापासून टोंकापर्यंत संबंध नवें होण्यास वर्ष ते दीड वर्ष लागतें. कोपरा खोल कापला म्हणजे त्या जागीं शेजारचें मांस उठून येतें, आणि कापतांना अगदीं आंतल्या बाजूस जी बारीक अणकुची राहून जाते ती नखाबरोबर पुढें सरकतांना भाल्यासारखी त्या मांसांत घुसते. शरीर तिला कांटा समजतें, सूज आणतें, पू करितें. आणि कांटा तर रोज मागून ढकलला जात असतो! म्हणून कोपरा कोरल्यानें मिळणारा आराम हा पुढच्या दुखण्याची पेरणी होय. नखाच्या मधोमध खांच पाडली म्हणजे कडा आंत ओढल्या जातात अशीही एक समजूत आहे. पाचटाचें टोंक कापून उसाच्या कोंभाची दिशा बदलेल काय? नखाच्या शेंड्यावर केलेली खांच मुळास कळतही नाहीं.

हें दुखणें नवें नाहीं. सुश्रुतसंहितेंत क्षुद्ररोगांमध्यें नखाच्या मांसांत दाह व पाक होतो त्यास चिप्प म्हटलें आहे, आणि मार लागून नख काळें, खरखरीत होतें त्यास कुनख असें नांव आहे. चिप्पावर उष्ण पाण्याचा शेक व वैद्याकडून छेदन असा उपचार तेथें सांगितला आहे. म्हणजे पाणी आपण करावें व शस्त्र जाणत्याच्या हातीं द्यावें ही वांटणी फार जुनी आहे, आणि आमचें म्हणणेंही याहून फारसें निराळें नाहीं. भांडण आहे तें इतकेंच कीं, आमचे लोक पाणी आळसानें टाळतात व शस्त्र उत्साहानें हातीं घेतात.

घरीं काय करावें व केव्हां, तें आतां सांगतों. नखाच्या कडेस दुखतें, थोडी लाली व सूज आहे, पण पू नाहीं, मांस वाढलेलें नाहीं, आणि मनुष्यास मधुमेह नाहीं, अशा स्थितींत घरचा उपाय बहुधा पुरतो. सोसवेल इतक्या कोमट पाण्यांत पाय पंधरा मिनिटें बुडवून बसावें, दिवसांतून तीनदां. मीठ घातल्यास हरकत नाहीं, न घातल्यास अडत नाहीं. नंतर पाय पूर्ण कोरडा करावा, बोटांच्या बेचक्यांसुद्धां. नख मऊ झालेलें असतें तेवढ्यांत शेजारचें मांस बोटानें हलकेंच बाजूस दाबावें, आणि स्वच्छ कापसाची बारीक वात वळून ती नखाच्या कोपऱ्याखालीं सरकवावी, जेणेंकरून कोपरा मांसावरून उचललेला राहील. वात रोज बदलावी. दवाखान्यांतील चिकटपट्टीचा एक पदर मांसावर लावून तें नखापासून दूर ओढून धरणें हाही चांगला उपाय आहे. पुढें उघडें असलेलें पायताण वापरावें. हा क्रम दोन तीन आठवडे चालविला, आणि त्या मुदतींत पातें, नराणी व कात्री यांस सुट्टी दिली, तर नख कोपरा बाहेर काढून मांसावरून पुढें येतें. हा उपाय कंटाळवाणा आहे हें आम्ही कबूल करितों. परंतु जो मनुष्य उसाच्या लागणीनंतर वर्ष दीड वर्ष थांबतो, त्यास तीन आठवडे जड वाटूं नयेत.

आठ दिवसांत कांहींच उतार न पडला, किंवा पू दिसला, अथवा लाल मांस वर आलें, म्हणजे घरच्या उपायाची मुदत संपली असें समजावें. मग पोटीस, चुना-हळद, बिब्बा, मोरचूद यांपैकीं कशाचाही उपयोग नाहीं. गरम पोटिसानें निदान फारसें नुकसान तरी होत नाहीं, पण बिब्ब्याचें तेल कातडी भाजून फोड आणतें हें ज्यानें एकदां सोसलें आहे तो विसरत नाहीं. शेण लावणें तर सर्वांत वाईट. धनुर्वाताचें बीज मातींत व जनावरांच्या शेणांत असतें, आणि शेतकऱ्याचा पाय दोहोंतही दिवसभर असतो. धनुर्वाताची सुई शेवटची केव्हां घेतली हें ज्यास आठवत नाहीं त्यानें ती घ्यावी. सामान्यतः दहा वर्षांनीं, व जखम घाणेरडी असल्यास पांच वर्षें उलटलीं असतां, ती पुन्हा द्यावी लागते. लाली बोटावरून पावलावर चढूं लागली, ताप आला, जांघेंत अवधाण म्हणजे दुखरी गांठ आली, तर सकाळची वाट पाहूं नये.

आतां मधुमेहाविषयीं. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणींत आपल्या देशांत दहा कोटींहून अधिक लोकांस हा रोग असल्याचें दिसून आलें. पूर्वीं हा शहरांतील बैठ्या लोकांचा रोग समजत. आज गांवच्या पारावर दहा मंडळी बसलीं असतां चहांत साखर नको म्हणणारे त्यांत आढळतातच, आणि ज्यांनीं रक्त कधीं तपासलेंच नाहीं ते निराळे. या रोगानें कालांतरानें पायाची संवेदना जाते व रक्ताचा पुरवठा कमी होतो. आमच्या भावकींतील एका गृहस्थांचें उदाहरण डोळ्यांसमोर आहे. वय पंचावन्न, शेती स्वतः करणारे, साखर बारा वर्षांची, गोळ्या मनास येईल तेव्हां. अंगठ्याचें नख रुतलें, परंतु दुखेना, म्हणून त्यांस तें क्षुल्लक वाटलें. कोणीं सांगितलें म्हणून गरम पाण्यांत पाय घालून बसले. पाणी किती कढत आहे हें पायास कळलें नाहीं. फोड उठले, तेही कळले नाहींत. चार दिवसांनीं सुनेस वास आला तेव्हां घरांत समजलें. मोठ्या रुग्णालयांत नेल्यावर अंगठा व शेजारचें बोट काढावें लागलें, आणि तेवढ्यावर निभावलें हेंच भाग्य म्हणावयाचें. त्यांची चिखलणीची जमीन आज वांट्यानें दुसरा करितो. भाताच्या खाचरांत तोल सांभाळावयास अंगठा किती लागतो, हें तो गेल्यावर उमजतें असें ते स्वतःच सांगतात.

म्हणून ज्यास मधुमेह आहे, ज्याच्या पायास मुंग्या येतात किंवा जो भाग बधिर आहे, ज्याचीं पावलें नेहमीं थंड व काळसर असतात, त्यानें वर सांगितलेला घरचा उपायसुद्धां करूं नये. त्याचें नख रुतलें कीं त्यानें पहिल्याच दिवशीं दवाखान्यांत जावें. त्यास न दुखणें ही चांगली खूण नव्हे.

डॉक्टरकडे गेलें म्हणजे ते नख उपटतात, ही धास्ती पुष्कळांस मागें ओढते. ती अगदींच निराधार नाहीं. आमच्याच बाबतींत पहिल्यानें एका दवाखान्यांत संबंध नख उपटून काढण्यांत आलें. जखम भरली, आम्ही निर्धास्त झालों, आणि वर्षानें नवें नख पूर्वींपेक्षां जाड व वांकडें होऊन त्याच जागीं पुन्हा रुतलें. त्या डॉक्टरांनीं निष्काळजीपणा केला असें आमचें म्हणणें नाहीं. ती रीत पूर्वापार चालत आलेली आहे. परंतु तिच्यांत मूळ कायम राहतें, व नख पूर्ण गेल्यामुळें बोटाचें टोंक वर उचलून नव्या नखाची वाट अडवितें. दुसऱ्या वेळीं गांठ पडली त्या शल्यवैद्यानें निराळें केलें. अंगठ्याच्या बुडाशीं दोन्हीं बाजूंस एक एक सुई देऊन बोट बधिर केलें. ती सुई गांधीलमाशीच्या डंखाइतकी लागते, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. पण दुःख तेवढेंच. नंतर रबराचा पट्टा आवळून रक्त थांबविलें, आणि नखाची रुतलेली कड तेवढी, गव्हाच्या काडीइतक्या रुंदीची चीर, थेट मुळापर्यंत कापून ओढून काढली. ज्या जागेंतून ती उगवत होती तेथें फिनॉल लावलेला कापूस कांहीं वेळ दाबून धरिला, म्हणजे तेवढ्या भागाचें बीज मेलें. सर्व काम अर्ध्या घटकेपेक्षां थोडें अधिक चाललें, आणि आम्ही त्या वेळीं त्यांच्याशीं सातबाऱ्यावरील वारसनोंदीविषयीं बोलत होतों.

फिनॉल म्हणजेच जुन्या लोकांचें कार्बोलिक आम्ल. नखाच्या कामीं त्याचा उपयोग १९४५ सालीं प्रथम प्रसिद्धीस आला. गोठ्यांत टाकावयाचें फिनेल तें हें नव्हे, आणि कोणीं तो प्रयोग घरीं करूं नये. नांवाच्या सारखेपणावरून आमचे लोक काय करतील याचा नेम नाहीं, म्हणून एवढें लिहिलें. कॉक्रेन या संस्थेनें २०१२ सालीं या विषयावरील २४ प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध केला. दुखणें पुन्हा न उलटण्याच्या दृष्टीनें शस्त्रक्रिया ही इतर उपायांहून सरस ठरते, आणि नखाची कड काढून वर फिनॉल लावल्यास तें उलटण्याचा संभव आणखी कमी होतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. नंतर बाहेरून लावावयाच्या निरनिराळ्या औषधांनीं जखम लवकर भरते असें कांहीं त्यांत आढळलें नाहीं. म्हणजे आमच्या कपाटांत जीं पांच मलमें पडून आहेत तीं दुकानदाराच्याच उपयोगीं पडलीं.

एक अडचण मात्र शेतकऱ्यानें आधींच हिशेबांत धरावी. फिनॉल लावलेली जखम दोन ते चार आठवडे पाझरत राहते, व तोंवर तो पाय चिखलांत घालतां येत नाहीं. ज्यास वर्षानुवर्षें हें नख अधूनमधून सतावतें पण आज पू नाहीं, त्यानें वैशाखांत, रोहिणीचा पाऊस पडण्यापूर्वीं, हें काम उरकून घ्यावें. रोपलावणीच्या ऐन घाईंत पाय धरून बसण्यापेक्षां तें बरें. पू झालेला असल्यास मात्र पंचांग पाहूं नये. खर्चाची सबब अनेक जण सांगतात. तालुक्याच्या गांवचीं ग्रामीण रुग्णालयें सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहेत, व त्या विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क केलेले आहेत. कोल्हापुरांतील छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालय, ज्यास सर्व जण सी. पी. आर. म्हणतात, तें वैद्यकीय महाविद्यालयाशीं जोडलेलें असून तेथें शल्यचिकित्सेचा विभाग आहे. रांगेंत अर्धा दिवस जाईल हें खरें. चावडींत एका दाखल्याकरितां आमच्या शेतकऱ्यांनीं याहून अधिक दिवस घालविलेले आम्हीं टेबलाच्या पलीकडून पाहिले आहेत.

दुखणें मुळांतच होऊं नये याकरितां फार कांहीं करावें लागत नाहीं. नखें स्नानानंतर, मऊ असतांना, सरळ आडवीं कापावीं; कोपरे गोल करूं नयेत, व ते मांसाच्या कडेबाहेर दिसत राहतील एवढे ठेवावेत. हाताचीं नखें जशीं गोल कापतों तशींच पायाचीं कापण्याची संवय लहानपणींच लागते, तेव्हां मुलांचीं नखें कापतांना आयांनीं इकडे लक्ष द्यावें. आमच्या कोल्हापुरी चपलेची या कामीं आम्ही थोडी तरफदारी करूं. तिला २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें तिच्या कसबाबद्दल. पण पुढून उघडी असल्यामुळें नखावर दाब येत नाहीं, हा तिचा गुण त्यांत कोणीं मोजला असेल असें वाटत नाहीं. नवी असतां तिचा अंगठा बोटास करकचून धरितो व चावतो. तेव्हां आठ दिवस तेल देऊन, रोज थोडा वेळ वापरून, ती मऊ करून घ्यावी. ठेंच लागण्यापासून मात्र ती वांचवीत नाहीं. रबरी बूट घ्यावयाचे झाल्यास संध्याकाळीं, पाय किंचित सुजलेले असतांना, सुती मोजे घालून मापावेत. दुपारच्या भाकरीच्या वेळीं ते काढून उपडे ठेवावेत, व पाय उन्हांत वाळूं द्यावेत. एका मापानें लहान बूट फुकट मिळाले तरी घेऊं नयेत, हें आम्ही स्वानुभवानें सांगतों.

दवाखान्यांत गेल्यावर चार गोष्टी आपण होऊन विचाराव्यात. रक्तांतील साखर तपासणार काय. धनुर्वाताची सुई हवी काय. संबंध नख काढणार कीं रुतलेली कड तेवढीच. आणि मुळाशीं फिनॉल लावणार काय. विचारल्यानें चांगला डॉक्टर रागावत नाहीं. जातांना पुढून उघडें व सैल पायताण घालावें, कारण परततांना बोटावर मोठी पट्टी असते. बरोबर कोणास तरी न्यावें, व मोटारसायकल स्वतः चालवीत परत येऊं नये. बोट दोन तास बधिर असतें. आम्ही पुतण्याच्या मागें बसून आलों, आणि त्यानें उमेदीनें प्रत्येक खड्डा गांठला तरी अंगठ्यास त्याची वार्ताही लागली नाहीं. ठणका रात्रीं आठच्या सुमारास सुरू झाला, तो पाय उंच ठेवून व डॉक्टरांनीं दिलेली एक गोळी घेऊन दुसऱ्या सकाळपर्यंत थांबला.